करण्याआधी मोजावे : भोर व वेल्हे भागातील पीक आणि जनावरांच्या खर्चाचे अंदाजपत्रक

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या रांगांत भोर आणि वेल्हे हे दोन तालुके वसलेले आहेत. त्यांपैकी वेल्हे तालुक्यास आता राजगड असे नाव मिळाले आहे. हिरडस मावळ, वेळवंड खोरे, गुंजण मावळ, कानद खोरे अशा जुन्या नावांनी हा प्रदेश ओळखला जातो. तळाला भाताची खाचरे, त्यावरील उतारावर नाचणी, वरई व कारळे यांची वरकस जमीन आणि गोठ्यात एखादी म्हैस किंवा बैलजोडी, असे येथील शेतीचे सर्वसाधारण स्वरूप आहे. भाटघर, नीरा देवघर, पानशेत, वरसगाव, गुंजवणी ही धरणे याच डोंगरांत असली, तरी धरणाच्या वरच्या अंगाची अनेक खाचरे आजही पावसावरच अवलंबून आहेत.

अशा शेतीत निर्णय थोडे असतात, परंतु ते मोठे असतात. म्हैस घ्यावी काय, बैलजोडी विकावी काय, खाचर पडीक ठेवावे काय, हे प्रश्न घराघरांत निघतात. पुणे शहर जवळ असल्याने जमिनीला गिऱ्हाईकही मिळते. "भात परवडत नाही" असे म्हणून खाचर विकले जाते आणि "दुधाला मरण नाही" असे म्हणून कर्जाने म्हैस आणली जाते. ही दोन्ही वाक्ये खरी आहेत किंवा खोटी आहेत, हे कागदावर मांडल्याखेरीज कळत नाही. चुकलेली म्हैस तोट्याने का होईना, विकता येते. विकलेले खाचर मात्र परत मिळत नाही. यास्तव करण्याआधी मोजण्याची सवय प्रत्येक शेतकरी कुटुंबास लागणे आवश्यक आहे.

या कामाची परंपरा

शेतीचा घरवार हिशेब मांडण्याचे काम पुणे भागास नवे नाही. पुणे कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्यानजीकच्या पिंपळे सौदागर या गावाची पाहणी 1917 साली प्रसिद्ध केली. तीत जमीन, पिके, कर्ज व घरखर्च यांचा अभ्यास करून, केवळ जमिनीवर कोणती कुटुंबे उभी राहू शकतात आणि कोणत्या कुटुंबांना बाहेरच्या कमाईचा आधार लागतो, हे दाखविले. भोरच्या दक्षिणेस मांढरदेवाचा डोंगर ओलांडला की वाई तालुका लागतो. तेथील शेतीव्यवसायाची धनंजयराव गाडगीळ व व्ही. आर. गाडगीळ यांनी केलेली पाहणी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने 1940 साली प्रसिद्ध केली. पुढे 1954-55 पासून केंद्र सरकारने निरनिराळ्या राज्यांत शेतीव्यवस्थापनाच्या पाहण्या हाती घेतल्या. त्या वेळच्या मुंबई राज्यात त्यासाठी अहमदनगर व नाशिक हे जिल्हे निवडले होते. या पाहण्यांतून उत्पादनखर्चाचे जे वर्ग ठरले, त्यांच्याच आधारे आज हमीभावाची चर्चा चालते. शेतकऱ्याने मात्र त्यांतील एकच भेद पक्का ध्यानात ठेवला तरी पुरे होते.

दोन प्रकारचे खर्च

पहिला खर्च खिशातून जाणारा. बियाणे, खत, यंत्राचे भाडे, बाहेरच्या माणसांची मजुरी, पेंड, औषध, व्याज हे सर्व यात येते. दुसरा खर्च घरातून जाणारा. घरच्या माणसांचे श्रम, घरचे शेणखत, घरचा पेंढा, तसेच बैल, म्हैस व अवजारे यांची दरवर्षी होणारी घट हा तो खर्च होय. त्यासाठी कोणाच्या हातावर पैसा ठेवावा लागत नाही, म्हणून तो दिसत नाही. सावडीने किंवा इर्जिकीने झालेले कामही फुकट नसते, कारण त्याची फेड आपल्या श्रमाने करावी लागते.

या दोन्ही खर्चांसाठी वहीत दोन वेगळे रकाने ठेवावेत. त्यांची सरमिसळ झाली की दोन चुका होतात. घरचा खर्च सोडून दिला तर तोट्याचा धंदा नफ्याचा भासतो. उलट, घरची मजुरी बाहेरच्या मजुरीसारखीच धरून केवळ शेवटचा आकडा पाहिला, तर ज्या पिकाने घराला काम दिले तेच पीक तोट्याचे ठरते.

भाताचे अंदाजपत्रक

खालील हिशेब एका एकरावरील, म्हणजे 40 गुंठ्यांवरील, इंद्रायणी भाताचा आहे. त्यातील दर व उत्पन्न नमुन्यादाखल घेतले असून प्रत्येकाने त्या जागी स्वतःचे आकडे घालावेत.

खिशातून जाणारा खर्च (रुपये)
बियाणे, 12 किलो : 720
भाड्याच्या यंत्राने नांगरट व चिखलणी : 5,000
लावणी, बाहेरच्या 12 मजूर बाया : 4,800
रासायनिक खत : 2,000
कीड-रोग बंदोबस्त : 700
कापणी, बाहेरचे 8 मजूर : 3,200
मळणी : 1,800
वाहतूक व किरकोळ : 780
एकूण : 19,000

घरातून जाणारा खर्च (रुपये)
घरच्या माणसांचे 25 दिवस, दर 400 प्रमाणे : 10,000
घरचे शेणखत : 3,000
एकूण : 13,000

दोन्ही मिळून खर्च : 32,000

उत्पन्न (रुपये)
भात 14 क्विंटल, दर 2,500 प्रमाणे : 35,000
पेंढा : 4,000
एकूण : 39,000

घरी खाण्यासाठी ठेवलेला भातही उत्पन्नात धरलेला आहे. तो घरी नसता तर दुकानातून तांदूळ आणावा लागला असता, म्हणून घरी खाल्लेल्या धान्याची किंमत सोडून देणे योग्य नव्हे.

या हिशेबावरून तीन गोष्टी निघतात. सर्व खर्च वजा जाता 7,000 रुपये उरतात. हा जमिनीचा व देखरेखीचा मोबदला होय. दुसरे असे की, खिशातील खर्च व शेणखताची किंमत वजा केल्यास 17,000 रुपये राहतात. घरच्या 25 दिवसांनी त्यास भागले तर दिवसाला 680 रुपये पडतात. म्हणजे ज्या भाताविषयी "परवडत नाही" असे म्हटले जाते, त्याने या घराला बाहेरच्या मजुरीपेक्षा अधिक रोज दिला.

तिसरी गोष्ट सर्वांत उपयोगाची आहे. एकूण खर्चातून पेंढ्याचे 4,000 वजा केले की भातावर 28,000 रुपयांचा बोजा राहतो. 14 क्विंटलांनी भागल्यास क्विंटलला 2,000 रुपये हा बरोबरीचा भाव निघतो. याखाली विकले तर घरच्या मजुरीत तूट येते. सन 2025-26 च्या हंगामासाठी साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये जाहीर झाला होता. त्याशी आपला बरोबरीचा भाव ताडून पाहावा. तसेच 28,000 रुपयांस 2,500 या दराने भागले तर 11.2 क्विंटल हे बरोबरीचे उत्पन्न निघते.

कापणीच्या वेळी पाऊस लागून हातात 8 क्विंटलच भात आला, तर काय होईल? उत्पन्न पेंढ्यासह 24,000 रुपये होईल. खिशातील खर्च व शेणखत वजा जाता 2,000 रुपये उरतील आणि घरच्या माणसाचा रोज 80 रुपयांवर येईल. म्हणून अंदाजपत्रक नेहमी तीन प्रकारे करावे : चांगले साल, मध्यम साल आणि वाईट साल. वाईट सालातही खिशातील खर्च भरून निघत असेल, तर ते पीक घर बुडविणार नाही, असे समजावे. खिशातील खर्चही भरून निघत नसेल, तर लागवडीची पद्धत बदलून कोणता खर्च कमी करता येईल ते पाहावे. चारसूत्री पद्धतीत रोपांचे अंतर नियंत्रित ठेवून चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपी ब्रिकेट खोल रोवतात आणि गिरिपुष्पाचा पाला खाचरात गाडतात. यामुळे खत वाहून जाण्याचे प्रमाण घटते. तथापि खत रोवण्यास लागणारी मजुरीही हिशेबात धरलीच पाहिजे.

म्हशीचे अंदाजपत्रक

आता याच घराने 90,000 रुपयांचे कर्ज काढून दुभती म्हैस घ्यावी काय, हे पाहू. म्हैस नुकतीच व्यालेली असते तेव्हा रोज 8 लिटर दूध निघते. लिटरला 50 रुपये धरले तर दिवसाला 400 रुपये येतात. त्या वेळी साडेपाच किलो पेंड-भरड्यास, किलोला 30 रुपये या दराने, 165 रुपये लागतात. दिवसाला 235 रुपये सुटताना दिसतात आणि म्हैस घेण्याचा निर्णय तेथेच होतो. परंतु म्हशीचा हिशेब दिवसाचा नसतो. तो एका वेतापासून पुढच्या वेतापर्यंतचा असतो. येथे हा काळ 450 दिवसांचा धरला आहे. त्यांपैकी 280 दिवस सरासरी 6 लिटर दूध मिळेल आणि 170 दिवस म्हैस भाकड राहील.

उत्पन्न (रुपये)
दूध 1,680 लिटर, घरी प्यालेल्यासह : 84,000
शेणखत : 6,000
एकूण : 90,000

खर्च (रुपये)
पेंड व भरडा 1,600 किलो : 48,000
विकतचा चारा : 10,000
घरचा पेंढा : 4,000
औषधपाणी, रेतन व क्षारमिश्रण : 4,000
विमा : 3,600
व्याज, दरसाल दरशेकडा 10 प्रमाणे 15 महिन्यांचे : 11,250
म्हशीच्या किमतीतील घट : 12,500
एकूण : 93,350

म्हैस चार वेतांनंतर 40,000 रुपयांस विकली जाईल असे धरून घट काढली आहे. पारडाचा खर्च व त्याची किंमत सारखी मानून दोन्ही सोडून दिली आहेत. भाताच्या हिशेबात जमेला धरलेला पेंढा येथे खर्ची पडला आहे. एका खात्याची जमा दुसऱ्या खात्याचा खर्च कशी होते, हे यावरून ध्यानात येईल.

या म्हशीने घरच्या माणसांच्या श्रमाचा एक पैसाही न धरता 3,350 रुपयांचा तोटा दिला. रोजचे दोन तास धरले तरी 450 दिवसांत 900 तास श्रम झाले. हे बहुधा घरातील बाईचे श्रम असतात आणि ते कोणत्याही वहीत लिहिले जात नाहीत. रोख रक्कम पाहिली तर 84,000 रुपयांतून 76,850 रुपये जाऊन 7,150 रुपये हाती राहतात. कर्जाची मुदत तीन वर्षांची असेल तर याच 15 महिन्यांत मुद्दलाचे 37,500 रुपये फेडावे लागतील. उरलेले 30,350 रुपये मजुरीतून किंवा भातातून काढावे लागतील. घर अडचणीत येते ते येथे.

याचा अर्थ म्हैस पाळू नये असा नाही. तोटा कोठून गळतो ते शोधावे, एवढाच याचा अर्थ आहे. या हिशेबात भाकड काळातील एका दिवसास पेंड 60, विकतचा चारा 22 व व्याज 25 असे 107 रुपये पडतात. म्हशीचा माज बहुधा मुका असतो, उन्हाळ्यात तर तो सहज लक्षात येत नाही. एक माज चुकला की सुमारे 21 दिवस, म्हणजे 2,200 रुपयांहून अधिक रक्कम वाया जाते. दोन वेतांतील अंतर 450 वरून 400 दिवसांवर आणल्यास सुमारे 5,350 रुपये वाचून तोट्याच्या जागी 2,000 रुपयांची शिल्लक दिसेल. विहिरीजवळील पाच गुंठ्यांत हिरवा चारा केला आणि त्यायोगे दुभत्या काळात रोज एक किलो पेंड वाचली, तर 8,400 रुपये सुटतील. विकतच्या चाऱ्यातील 4,000 सुटून चारा पिकविण्यास 3,000 लागले, तर शिल्लक 11,400 वर जाईल. दुधास लिटरमागे 5 रुपये अधिक मिळाले तर आणखी 8,400 वाढून ती 19,800 होईल. 400 दिवसांतील 800 तासांना भागले असता तासास सुमारे 25 रुपये पडतात. दिवसाच्या मजुरीच्या हे निम्मेच आहे. तथापि ज्या बाईला घर सोडून कामास जाता येत नाही, तिला हा धंदा पत्करण्यासारखा वाटेल. रोज कामावर जाणाऱ्या घरास तो वाटणार नाही. निर्णय ज्याचा त्याने करावयाचा आहे, परंतु तो हे आकडे समोर ठेवून करावा.

थोडक्यात, रोज हाती येणारा पैसा मोठा दिसतो आणि वर्षातून एकदा येणारे धान्य लहान दिसते. वही ठेवल्याने हा दृष्टिभ्रम दूर होतो.

बदलापुरते अंदाजपत्रक

प्रत्येक निर्णयासाठी सबंध शेतीचा हिशेब मांडण्याची गरज नसते. जे बदलणार आहे तेवढेच मोजावे. त्यासाठी कागदाचे चार भाग करून चार प्रश्न लिहावेत : नवा खर्च कोणता येईल? चालू उत्पन्न कोणते बुडेल? चालू खर्च कोणता वाचेल? नवे उत्पन्न कोणते मिळेल? पहिल्या दोहोंची बेरीज एका बाजूस व शेवटच्या दोहोंची दुसऱ्या बाजूस करून तुलना करावी.

उदाहरणार्थ, दोन एकर खाचर असलेल्या घराने बैलजोडी विकून भाड्याचे यंत्र आणावे काय, हा प्रश्न घेऊ. यंत्राचे भाडे 10,000 रुपये हा नवा खर्च येईल. बैलांचे शेणखत 6,000 आणि जोडी वर्षातून 12 दिवस दुसऱ्याकडे औतास जाते त्याचे, औतकऱ्याची मजुरी वजा जाता, 12,000 रुपये बुडतील. एका बाजूस 28,000 झाले. दुसऱ्या बाजूस पेंड 12,000, पेंढा 8,000, पत्री व औषध 2,000 आणि जोडीच्या किमतीतील वार्षिक घट 4,000 वाचेल. विक्रीचे 80,000 रुपये ठेवीत टाकल्यास दरशेकडा 6 प्रमाणे 4,800 रुपये व्याज येईल. ही बेरीज 30,800 होते. विकण्याच्या बाजूने 2,800 रुपयांचा फरक दिसतो.

परंतु बाहेरच्या औताचे दिवस वाढले की पारडे फिरते. 15 दिवस जोडी बाहेर चालली तर ती ठेवणे परवडते. 20 दिवस चालली तर ठेवण्यात 5,200 रुपयांचा लाभ आहे. म्हणजे "बैल परवडतात काय?" हा मोठा प्रश्न "जोडीला बाहेर पंधरा दिवस काम मिळेल काय?" इतका लहान झाला. चांगल्या अंदाजपत्रकाचे हेच काम होय.

आकड्यांत न मावणाऱ्या गोष्टींचाही विचार करावा. डोंगरउतारावरील अरुंद खाचरात यंत्र उतरते काय? लावणीच्या आठवड्यात साऱ्या गावाला यंत्र एकाच वेळी हवे असते, तेव्हा आपली पाळी कधी येईल? बैल राखणाऱ्या वृद्ध माणसास दुसरे काम नसेल, तर त्याच्या वेळेची किंमत धरण्याचे कारण नाही. मात्र गुरांमागे घरातील मुलाची शाळा सुटत असेल, तर ती किंमत कोणत्याही रकान्यात मावणारी नाही.

महिनेवार रोख अंदाज

पीक नफ्याचे असूनही वेळेवर रोकड नसल्याने घरे कर्जात जातात. वरील भातासाठी लागणाऱ्या 19,000 रुपयांपैकी 13,220 रुपये ऑगस्टअखेर खर्च होतात आणि कापणी-मळणीस आणखी 5,780 लागतात. भाताचा पैसा मात्र त्यानंतर येतो. मुलांच्या शाळेचा खर्च व सणवारही याच काळात असतात. म्हणून मृगापूर्वीच बारा महिन्यांचे बारा चौकोन आखून कोणत्या महिन्यात किती येणार व किती जाणार ते लिहावे. तुटीचे महिने आधी कळले तर सोसायटीकडून पीककर्ज वेळेवर घेता येते. हे कर्ज मुदतीत फेडल्यास व्याजात सवलत मिळते. तेच पैसे म्हशीकडे वळविले आणि मुदत चुकली तर सवलत बुडते. पिकाचे कर्ज पिकासच वापरावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस सूचना

एका गावात सुरुवातीस पाच-सहा घरेच निवडावीत. त्यांत लहान व मध्यम, म्हैस असलेली व नसलेली अशी घरे असावीत. प्रत्येक घरी एक वही देऊन तीत तारीख, काम, कोणाचे किती श्रम, किती पैसा व कोणती वस्तू एवढेच रकाने आखावेत. नोंद आठवड्यातून एकदा तरी व्हावी, कारण हंगाम संपल्यावर आठवून लिहिलेले आकडे भरवशाचे नसतात. शाळेत जाणारा मुलगा किंवा मुलगी हे काम आनंदाने करते. हिशेबास घरधन्याबरोबर घरच्या बाईसही बसवावे. दूध किती निघाले व पेंड किती सरली, हे तिलाच अचूक ठाऊक असते.

कार्यकर्त्याने आपले आकडे शेतकऱ्यावर लादू नयेत. या लेखातील दरही कोणाच्या वहीत जसेच्या तसे उतरू नयेत. पश्चिमेकडील अतिपावसाच्या गावात जे खरे ठरेल, ते महामार्गालगतच्या गावात खरे ठरेलच असे नाही. एखाद्या घराची शिल्लक किंवा कर्ज दुसऱ्या घरी सांगू नये. एकदा विश्वास गेला की वही बंद होते.

शेवटी, ज्या घरी खाचर विकण्याचा विचार चालू असेल, तेथे कार्यकर्त्याने उपदेश करू नये. मागील तीन सालांचे भाताचे हिशेब त्या घराबरोबर बसून मांडावेत : खिशातून काय गेले, घरातून काय गेले, घरच्या माणसाला रोज काय पडला आणि वाईट साली काय झाले. एवढे मांडून झाल्यावरही त्या घराने विकण्याचे ठरविले, तर तो त्याचा विचारपूर्वक केलेला निर्णय असेल. मोजण्याआधी मात्र सातबारा कोणाच्या हाती देऊ नये.